आमच्या पार्कातलं ‘सन 2020’ पाडायचं की ठेवायचं?

जांभाचिरा | 2 फेब्रुवारी, रात्री 10:05

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज काम पडलं म्हणून लिहितोय.

गुहागर ते गणपतीपुळे या पट्ट्यात, समुद्रावरच्या सड्यावर माझ्या काकांचं छोटंसं करमणूक पार्क आहे. नाव सांगत नाही, नाहीतर जाहिरात म्हणून धागा उडायचा. काकांनी ते 1999 ला काढलं. आदल्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली होती आणि आता मुंबईकरांची रीघ लागणार असं त्या वेळी सगळ्यांनीच धरलं होतं. आकाशपाळणा, टोराटोरा, पायडल बोटींचं तळं हे नेहमीचंच. काकांचा जीव मात्र ‘सन 2020’ या दालनात.

दालनाबाहेर सिमेंटचं रॉकेट. आत शिरलं की हात वर करून टेपवर ‘नमस्कार, मी यंत्रमानव’ म्हणणारा पत्र्याचा रोबो. मग ‘भविष्यातलं घर’: टीव्हीला फोन जोडून केलेला व्हिडिओफोन, बटण दाबलं की आपोआप सरकणारा पडदा, गोळीच्या आकाराचं जेवण. शेवटी ‘चंद्रसफर’, म्हणजे पत्र्याची केबिन, खाली मोटर लावून हलवलेली, समोर स्लाइडचा पडदा. मागच्या सगळ्या भिंतीवर गावातल्या गणपतीच्या कारखानदारांनी रंगवलेलं 2020 चं कोकण. माडांच्या वरून उडत्या रिक्षा, नऊवारीवर हेल्मेट घातलेल्या कोळणी, शिमग्याची पालखी भोयांच्या खांद्याच्या वर वीतभर तरंगतेय, आणि रॉकेटमधून गणपतीला उतरणारा चाकरमानी. त्याने परतीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवलाय.

आता 2020 येऊन गेलं. कसं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. शाळांच्या सहली कमी झाल्या. जी पोरं येतात ती रोबोसमोर रील काढून हसतात आणि जातात. चुलतभावाचं म्हणणं, सगळं जमीनदोस्त करून व्हीआर, ग्लो गार्डन (रात्री दिव्यांनी चमकणारी बाग) आणि झिपलाइन करू. काकू म्हणतात, माझ्या डोळ्यांदेखत हात लावायचा नाही. काका आता नाहीत. मी मधल्या मधे. तुम्ही काय कराल?

हिशेबनीस | 2 फेब्रुवारी, रात्री 10:31

पाडा. भावना बाजूला ठेवा. दालनाची जागा किती, त्यातून तिकिटाचे किती सुटतात, दुरुस्तीला किती जातात, हे मांडा. उत्तर तुम्हालाही ठाऊक असणार, म्हणूनच आकडे दिलेले नाहीत.

कोकमआगळ | 2 फेब्रुवारी, रात्री 10:33

रुमाल टाकलेला चाकरमानी!! हसून हसून पुरेवाट. ती भिंत पाडलीत तर मी स्वतः उपोषणाला बसेन. फोटो टाका आधी.

ओरलँडोतला_आंबा | 3 फेब्रुवारी, पहाटे 4:12

मूळचा पावसचा. इथे फ्लोरिडात येणारा प्रत्येक पाहुणा डिस्ने दाखव म्हणतो, त्यामुळे या विषयावर माझी नाइलाजाने पीएचडी झाली आहे.

जांभाचिरा, तुमच्या काकांना झालेला आजार वॉल्ट डिस्नेलाही झाला होता. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड 17 जुलै 1955 ला उघडलं, त्यातला टुमॉरोलँड हा भाग म्हणजे 1986 सालचं जग. पैसे आणि वेळ दोन्ही संपत आले होते, म्हणून कंपन्यांना गाळे दिले. रसायन कंपनीचं दालन, अ‍ॅल्युमिनियम कंपनीचं दालन, पुढच्या वर्षी तर ‘उद्याचं न्हाणीघर’. रॉकेटसुद्धा टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या नावाचं.

1957 ला मोन्सॅन्टो कंपनीने तिथे संपूर्ण प्लॅस्टिकचं घर उभं केलं. मध्ये खांब आणि चारी बाजूंना अधांतरी खोल्या. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह होता, लोक तो बघायला रांग लावत. दहा वर्षांत कंटाळले. 1967 ला पाडायला घेतलं तर तोडकामाचा लोखंडी गोळा भिंतीवर आपटून परत यायला लागला. शेवटी करवतीने कापून काढावं लागलं. घर जुनं झालं ते मजबुतीत नाही, त्यातला मायक्रोवेव्ह लोकांच्या घरी पोचला म्हणून.

चंद्रसफरीचं त्याहून मजेशीर आहे. तिथेही एक चंद्रसफर होती. 1967 ला नव्याने बांधली, दोन वर्षांत आर्मस्ट्राँग खराखुरा चंद्रावर उतरला. मग 1975 ला तीच खोली, त्याच खुर्च्या, फक्त ‘मंगळसफर’ अशी पाटी. 1992 ला तेही बंद. आज तिथे पिझ्झा मिळतो.

म्हणून माझं मत: उद्या कसा असेल हे सांगायच्या भानगडीत परत पडू नका. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये, 1992 ला, त्यांनी हा भाग करताना विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्नच्या काळातल्या माणसांनी कल्पिलेलं भविष्य उभं केलं. पितळ, रिव्हेट, हवाई जहाज. जे मुळातच जुनं आहे ते आणखी काय जुनं होणार? तुमच्याकडे तर ते आयतंच आहे. पाटी बदला: ‘1999 सालच्या कोकणाने पाहिलेलं 2020’.

सुरंगी | 3 फेब्रुवारी, सकाळी 8:50

आंबा, प्रतिसाद आवडला, पण अर्धंच सांगितलंत. कॅलिफोर्नियावाल्यांनी 1998 ला पॅरिसची नक्कल करायला जाऊन सगळं तपकिरी-सोनेरी रंगवून टाकलं होतं. स्पेस माउंटन या राइडचा पांढराशुभ्र घुमटसुद्धा. लोकांनी नाकं मुरडली आणि काही वर्षांत तो परत पांढरा झाला. जुनं भविष्य म्हणजे नुसता रंग नव्हे.

मी वास्तुविशारद आहे, थोडं प्रदर्शनांचं काम केलंय. सविस्तर संध्याकाळी लिहिते.

मालवणी_खाजा | 3 फेब्रुवारी, सकाळी 9:15

आमच्याकडे दशावतारात ट्रिकसीन (रंगमंचावरचे चमत्कार) इले तेवा म्हाताऱ्यांनी बोंब मारल्यानी, नाटक बुडाला म्हणान. आता ट्रिकसीन असला तर म्हातारेच पुढे जावन बसतत. पण मृदंग, चक्की, पायपेटी तशीच ऱ्हवली मां? तसाच करा. रोबोक हात लावू नको, तेच्या पोटातली टेप बदल.

खाजणकाठ | 3 फेब्रुवारी, सकाळी 9:40

खाजा, शंभर टक्के सहमत. आणि रोबोला मालवणीत बोलायला लावा. ‘खय गेल्लंस रे मेल्या इतकी वर्सां?’

हिशेबनीस | 3 फेब्रुवारी, सकाळी 11:02

सगळे डिस्नेच्या गोष्टी सांगताहेत. डिस्नेला चुका परवडतात. त्यांनी पाडलं, रंगवलं, परत रंगवलं, तरी रांगा आहेत. इथे एका हंगामाची माती झाली तर पुढच्या वर्षी पगार कुठून? गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 चं. मुंबईच्या उंबरठ्यावर, दोन पिढ्यांना तोंडपाठ असलेली जाहिरात, तेही बंद झालं. सड्यावरच्या पत्र्याच्या रोबोला कोण विचारतो?

पडवीतला_झोपाळा | 3 फेब्रुवारी, सकाळी 11:20

एस्सेलवर्ल्ड! ती फेरीबोट आठवली. आम्हाला राइडपेक्षा खाडी ओलांडायचीच मजा जास्त यायची, आणि मुंबईचे भाऊ ‘ही काय बोट आहे’ म्हणून घाबरायचे. त्यावरून मुंबई-गोवा आगबोट निघाली की हा धागा संपेपर्यंत मी इथेच. आजोबा दाभोळला पडावातून आगबोटीवर चढायचे, भर समुद्रात, डोक्यावर ट्रंक.

सुरंगी | 3 फेब्रुवारी, सकाळी 11:26

आगबोटीचा वेगळा धागा काढा हो, प्लीज. मागच्या वेळी आंब्याच्या पेटीच्या धाग्यावर हेच झालं होतं.

गंजलेला_नट | 3 फेब्रुवारी, दुपारी 1:35

पाडायचं की ठेवायचं हे तुमच्याआधी खारं वारं ठरवेल. बंदरावरच्या बांधकामांच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं माझं, तेवढ्यापुरतं बोलतो.

रॉकेट ‘सिमेंटचं’ म्हणताय म्हणजे फेरोसिमेंट असणार. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळी, त्यावर इंच-सव्वा इंच मॉर्टर, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर. जाळीवरचं आवरण जेमतेम काही मिलिमीटर. समुद्राच्या हवेतलं क्लोराइड आत मुरतं, लोखंडावरचा संरक्षक थर फुटतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून ढकलतो, बाहेर आधी तपकिरी ओघळ दिसतात, मग केसासारखी चीर, मग एक दिवस ढलपा. रत्नागिरीकडचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस त्या चिरेत शिरतो ते वेगळंच.

एक करा. छोटी हातोडी घ्या, शिडी लावा आणि रॉकेटवर खालून वर, हातभर अंतराने, ठोकत जा. खणखणीत आवाज आला तिथे हिरव्या खडूने खूण, बद्द आवाज आला तिथे लाल. समुद्राकडची बाजू आणि पंख जिथे बुंध्याला जोडलेत तो सांधा नीट बघा, पाणी तिथेच साचतं. लाल खुणा विखुरलेल्या असतील तर फोडून, जाळी साफ करून, पॉलिमर मॉर्टर भरून रॉकेट वाचेल. बुंध्याला सलग लाल पट्टा असेल तर मात्र भावना आवरा. सिमेंटचा ढलपा तीस फुटांवरून पोराच्या डोक्यात पडला तर जुनं भविष्य राहील बाजूला. हे सगळं कळेपर्यंत आजपासूनच खाली दोरी बांधा, कोणाला जाऊ देऊ नका.

आणि हो, चुलतभावाला सांगा, झिपलाइनचं सामान घेताना 304 जातीचं स्टेनलेस स्टील कोणी गळ्यात मारलं तर घेऊ नका. समुद्रकाठी 316 लागतं, त्यात मॉलिब्डेनम असतं. 304 वर दोन पावसाळ्यांत चहाच्या डागांसारखा गंज चढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला लोखंडी बोल्ट तर मारूच नका, खाऱ्या ओलीत दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की पट्टी बोल्टाभोवती भुगा होते.

कोकमआगळ | 3 फेब्रुवारी, दुपारी 1:50

नटकाका, दंडवत. पण तुमचा आयडी वाचून भीती वाटते.

मांडवीकाठ | 3 फेब्रुवारी, दुपारी 3:18

गोव्यातून. भविष्य पाडायचं म्हणता तर आमच्या मडगावचं भविष्य कोणाला आठवतं? स्कायबस. कोकण रेल्वेचीच कल्पना, तेव्हाचे प्रमुख बी. राजाराम यांची. रस्त्याच्या मधोमध खांब, वर रूळ, आणि डबे खाली लटकलेले. स्टेशनाजवळ सुमारे 1.6 किलोमीटरचा चाचणीमार्ग बांधला. आम्ही कॉलेजात होतो. ‘मुंबईच्या आधी मडगावात उडती रेल्वे’ म्हणून कॉलर ताठ. सप्टेंबर 2004 मध्ये चाचणीच्या वेळी अपघात झाला, एक कर्मचारी गेला. मग ते खांब तसेच उभे राहिले, वर्षानुवर्षं, त्यांच्याखाली गाड्या पार्क होत. 2013 ला उतरवले.

डिस्नेची मोनोरेल 1959 ची, ती अजून फिरते. आमची भंगारात. मला नेहमी वाटतं, निदान एक डबा आणि दोन खांब ठेवायला हवे होते, खाली पाटी: काय ठरलं होतं, काय झालं, कोण गेलं. जांभाचिरा, तुमच्या दालनात यासाठी एक कोपरा ठेवा. 1999 च्या माणसाला भविष्य खरंच दारात आलंय असं का वाटलं, हे आजच्या पोराला त्याशिवाय कळायचं नाही.

बांधावरची_वहिनी | 3 फेब्रुवारी, संध्याकाळी 5:44

तारकर्लीला आमचं होमस्टे आहे. पाहुण्यांना कुठे पाठवायचं हे रोज मीच ठरवते, म्हणून स्पष्ट बोलते. चिडू नका.

फॅमिली पार्कात गेली की पहिली दोन वाक्यं काय असतात? ‘सावली कुठे आहे’ आणि ‘बाथरूम कुठे आहे’. मे महिन्यात सड्यावर झाड नाही, पायाखाली तापलेला कातळ, आणि बायकांच्या बाथरूमला कडी नाही. कोणाच्या पार्काबद्दल म्हणत नाही, सगळीकडे हेच. त्या डिस्नेवाल्यांनी उद्याचं न्हाणीघर केलं होतं म्हणे, तुम्ही आजचं करा. त्यानंतर रोबो ठेवा नाहीतर हत्ती ठेवा.

व्हीआरबद्दल: इथे एकाने आणलं होतं. पहिल्या सुट्टीत गर्दी. दुसऱ्या सुट्टीत घामाने ओले चष्मे, ते नाकाला लावायला लोक तयार होईनात. तिसऱ्या सुट्टीत ‘दादा, लाइट गेलीय’. मुंबई-पुण्याच्या पोरांकडे तो चष्मा घरीच असतो. सहा तास गाडी चालवून ते इथे बघायला येणार नाहीत. उडत्या रिक्षा आणि हेल्मेटवाल्या कोळणी मात्र त्यांच्या घरी नाहीत.

हिशेबनीस | 3 फेब्रुवारी, संध्याकाळी 5:58

वहिनी, हा पहिला प्रतिसाद ज्यात गिऱ्हाईक आलं. धन्यवाद. व्हीआरवर माझंही तेच मत. पण व्हीआर नको याचा अर्थ रोबो हवा असा होत नाही.

सुरंगी | 3 फेब्रुवारी, रात्री 9:12

आता लिहिते. मी असते तर काय केलं असतं ते सांगते, पटलं तर घ्या.

पहिलं, दालनातल्या वस्तूंमध्ये फरक करा. काही गोष्टी ‘चित्र’ आहेत, काही ‘यंत्र’. भिंत, भविष्यातलं घर, रोबोचं सोंग ही चित्रं. चित्र जुनं झालं की त्याला चव येते. चंद्रसफरची हलणारी केबिन हे यंत्र. यंत्र जुनं झालं की नुसतं बिघडतं. ते जपण्यात काहीही शहाणपण नाही.

पण नवं यंत्र जुन्या सांगाड्यात कोंबायचाही मोह नको. डिस्नेलँडमध्ये 1967 चा पीपलमूव्हर होता, उंच रुळावरून मुंगीच्या पायाने पूर्ण टुमॉरोलँड फिरवून आणायचा. लोकांना आवडायचा. 1995 ला बंद केला आणि 1998 ला त्याच मार्गावर रॉकेट रॉड्स नावाची वेगवान गाडी सोडली. मार्ग होता सावकाश गाडीचा, वळणांवर तो आतल्या बाजूला कललेला नव्हता. प्रत्येक वळणापाशी करकचून वेग कमी करायचा, पुढे परत पळवायचं. टायर झिजायचे, गाड्या बंद पडायच्या. सप्टेंबर 2000 ला थांबली ती थांबलीच. तो मार्ग पुढे वर्षानुवर्षं तसाच रिकामा, लोकांच्या डोक्यावर. तुमचा भाऊ चंद्रसफरीच्या केबिनमध्ये चायनीज सिम्युलेटर बसवायचं म्हणेल, म्हणून आधीच सांगितलं. ती केबिन त्या झटक्यांसाठी बांधलेली नाही.

दुसरं, साल ठरवा आणि त्याला चिकटून राहा. 1999 म्हणजे 1999. त्या वर्षीचा एसटीडी बूथ, पिवळी पाटी, पीसीओचं मीटर, पेजर, रेल्वेचं पुठ्ठ्याचं तिकीट. गल्ल्यावर बसणाऱ्याने तो एसटीडी बूथच तिकीटखिडकी म्हणून वापरावा. आत मात्र एलईडीच्या निळ्या-जांभळ्या माळा लावायच्या नाहीत. ट्यूबलाइट आणि पिवळे बल्ब, म्हणजे तसा उजेड देणारे. आवाजही तेव्हाचा हवा. रोबोची मूळ टेप सापडली तर ती डिजिटल करून घ्या, खरखर काढू नका.

तिसरं, शेवट. डिस्नेचा ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ म्हणून एक खेळ आहे, 1964 च्या न्यूयॉर्क जत्रेसाठी केलेला, 1975 पासून फ्लोरिडात. मधला रंगमंच स्थिर आणि प्रेक्षकच त्याच्याभोवती फिरतात. (आपल्याकडे फिरता रंगमंच, तिथे फिरते प्रेक्षक!) एकाच कुटुंबाचे चार प्रवेश, वेगवेगळ्या काळातले. गंमत अशी की जुन्या काळाचे पहिले तीन प्रवेश अजून टवटवीत आहेत. चौथा, ‘आजचा’, तो कितीदा तरी बदलला आणि दर वेळी शिळा झाला. 1994 ला त्यात बोलणारा ओव्हन आणि व्हीआरचा खेळ घातला, तो बघूनही लोक हसायला लागले. तेव्हा दालनाच्या शेवटी ‘आता 2050’ असं काही करू नका. करायचंच असेल तर एक कोरी भिंत आणि खडू ठेवा. दर जूनला पाऊस धुऊन नेईल.

ओरलँडोतला_आंबा | 3 फेब्रुवारी, रात्री 9:55

सुरंगी, खडूची भिंत एकदम मान्य. रॉकेट रॉड्सबद्दल बोललात आणि माझ्या जखमेवर मीठ. पीपलमूव्हर फ्लोरिडात अजून आहे, पाहुण्यांना घेऊन गेलो की मी त्यातच बसून राहतो, त्यांना म्हणतो तुम्ही या फिरून.

मात्र ‘चित्र ठेवा, यंत्र फेका’ हे पूर्ण पटलं नाही. इथल्याच डिस्नेच्या एपकॉट पार्कात होरायझन्स नावाची सफर होती, 1983 ते 1999. अवकाशात, समुद्राखाली, वाळवंटात माणसं कशी राहतील ते दाखवणारी. त्यात आधी जुन्या लोकांनी कल्पिलेलं भविष्य दाखवायचे, मग आपलं. ती पाडून तिथे मिशन स्पेस बांधलं. गरगरवणारं यंत्र, काहींना ओकाऱ्या होतात. होरायझन्स हळूहळू चालायची आणि शेवटी परतीचा रस्ता अवकाशातून, वाळवंटातून की समुद्राखालून, हे आपण बटण दाबून निवडायचो. तिची मजा त्या चालीत आणि त्या बटणात होती, म्हणजे यंत्रातच. चंद्रसफरीची केबिन हलते कशी ते आधी बघा, मग फेका.

वाळूचा_किल्ला | 3 फेब्रुवारी, रात्री 10:20

एक रुक्ष मुद्दा, कोणीच काढला नाही म्हणून. पार्क भरतीरेषेपासून किती आत आहे? पाचशे मीटरच्या आत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, लागतं. ग्रामीण भागात विरळ वस्ती असेल तर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र. त्या पट्ट्यात असलेल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा त्याच जोत्यावर, तेवढ्याच चटईक्षेत्रात पुनर्बांधणी चालते. नवीन काही उभारायचं म्हटलं की विषय वेगळा. भावाने ‘जमीनदोस्त’ करायच्या आधी हे तपासा. जुनं पाडलं आणि नवं बांधता आलं नाही तर उरेल फक्त कातळ.

हिशेबनीस | 3 फेब्रुवारी, रात्री 10:24

‘अधिकृत’ हा शब्द वाचून जांभाचिरा गायब झाले आहेत. 😀

जांभाचिरा | 4 फेब्रुवारी, रात्री 8:47

गायब नाही, सड्यावर होतो. कागद आहेत हो, काका त्या बाबतीत भटजी होते.

आज सकाळी हातोडी घेऊन रॉकेटवर चढलो. भाऊ खाली शिडी धरून, काकू पडवीतून ‘सांभाळून रे’. नटकाका म्हणाले तसंच. वरचा भाग बहुतेक हिरवा. पंखांचे सांधे लाल, पश्चिमेकडचा पंख तर हाताने हलला. बुंध्याला समुद्राच्या बाजूला लाल पट्टा आहे पण सलग गोल नाही, साधारण पाऊण हात. दोरी बांधली. एक स्ट्रक्चरल इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येतोय.

आंबा, चंद्रसफरीचं तळ उघडलं. काय निघालं माहीत आहे? पिठाच्या गिरणीची मोटर, पट्टा, आणि चाकाच्या मध्यापासून बाजूला सरकवून बसवलेली कांब. चाक फिरलं की कांब केबिनला वर-खाली हलवते. काकांनी स्वतः बसवलेलं. भाऊ, जो सगळं पाडायला निघाला होता, तो तिथे उकिडवा बसून अर्धा तास ते हाताने फिरवून बघत होता. मग म्हणाला, ‘हे वरून झाकायचं कशाला, काचेतून दाखवू की.’

भिंतीची बातमी बरी नाही. खालच्या कोळणींचा रंग ओलीने पोपडे धरून सुटलाय. वरच्या रिक्षा आणि पालखी ठीक. ज्यांनी रंगवली ते आता थकलेत, त्यांचा मुलगा कारखाना चालवतो. तो येऊन बघून गेला. म्हणतो, गणपतीच्या कामाला हात घालायच्या आधी, एप्रिलमध्ये करून देईन, पण बाबा शेजारी खुर्चीवर बसून सांगतील तसंच करणार, मनाचं नाही.

गंजलेला_नट | 4 फेब्रुवारी, रात्री 9:10

पोपड्यांवर थेट रंग नको. ओल कुठून येते ते आधी शोधा, बाहेरच्या बाजूला जमीन चढली असेल. जांभ्याची भिंत पाणी ओढते. त्यावर सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आत अडकते. तेवढा भाग खरवडून चुन्याचा गिलावा करा, निदान एक महिना वाळू द्या. एप्रिलला रंग हवा तर या आठवड्यात सुरू करा. आणि पश्चिमेचा पंख काढून ठेवा, इंजिनिअरची वाट बघू नका.

सुरंगी | 4 फेब्रुवारी, रात्री 9:31

गिरणीची मोटर काचेतून! आंबा, तुम्ही जिंकलात, यंत्राबद्दलचं मागे घेते. मात्र त्या पट्ट्याला जाळीचं गार्ड लावा, पोरं बोटं घालतात. आणि त्यात माणसं बसवायची तर यांत्रिक तपासणीचा दाखला लागेल. न मिळाल्यास रिकामी केबिन हलताना दाखवा, बसायला देऊ नका.

मालवणी_खाजा | 4 फेब्रुवारी, रात्री 9:40

गिरणीचो मोटर चंद्रार गेलो! आमच्या गिरणवाल्याक सांगतंय, तो आता भाव वाढयतलो.

बांधावरची_वहिनी | 5 फेब्रुवारी, सकाळी 7:15

सगळं छान. बाथरूमचं काय?

जांभाचिरा | 5 फेब्रुवारी, सकाळी 7:52

वहिनी, कडी काल संध्याकाळीच बसवली. नवीन बाथरूम जुन्या जोत्यावर, गवंडी सोमवारी येतोय. ग्लो गार्डन रद्द. झिपलाइनवर भाऊ अजून अडून आहे, ती पार्काच्या मागच्या बाजूला, सीआरझेडच्या बाहेर होते का ते बघतोय.

हिशेबनीस | 5 फेब्रुवारी, सकाळी 8:20

माझं मत बदललेलं नाही, पण पद्धत सुचवतो. दालनाचं तिकीट प्रवेशात मिसळू नका, वेगळं ठेवा, भले वीस रुपये. मे महिनाभर रोज संध्याकाळी किती फाटली ते वहीत लिहा, आत किती जण गेले आणि किती जण दुसऱ्यांदा रांगेत उभे राहिले तेही. बाकीच्या राइडचे आकडे शेजारच्या रकान्यात. जूनला वही इथे टाका, मग बोलू. तोवर डिस्नेचं नाव काढलं तर मी प्रतिसाद देणार नाही.

ओरलँडोतला_आंबा | 5 फेब्रुवारी, सकाळी 8:41

डिस्ने.

पडवीतला_झोपाळा | 5 फेब्रुवारी, सकाळी 8:44

मे महिन्यात आम्ही आठ जण येतोय, त्यातले पाच पासष्टीच्या वरचे. ज्येष्ठांना सवलत आहे का, आणि पार्काजवळ रिक्षा मिळते का? न उडणारी चालेल.